खांद्याखालचा दुपट्टा

“उशी काढा आधी!” अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरता उतरताच शहापूरचे ड्रायव्हरकाका ओरडायचे. तुम्हीही ऐकलं असेल. नमस्कार नंतर, उशी आधी.

मी ते पहिल्यांदा ऐकलं आंधळगावला, बहिणीच्या अंगणात. तिची चार वर्षांची पोर खाटेवर निपचित पडली होती. काकांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, उशी काढवली आणि आपल्या गळ्यातला दुपट्टा घडी करून तिच्या खांद्याखाली सरकवायला लावला.

“लहान लेकराचं डोकं मोठं राहते बापा. उशी दिली का मान वाकते. कशी पडली?”

“पायरीवरून,” मी म्हणालो.

त्यांनी पोरीच्या केसांतला भाताच्या बांधीचा चिखल पाहिला. मग दारात उभा माझा ट्रॅक्टर.

मीच तिला मडगार्डवर बसवलं होतं. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, चाक उडालं आणि ती खाली पडली. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

नागपूरच्या दवाखान्याच्या दारात काकांनी माझं मनगट धरलं. “काहून खोटं बोलून राहिला? डॉक्टरले तरी खरं सांग. किती उंचावरून पडली, त्यायले समजाले पायजे.”

डॉक्टरांना सांगितलं. बहिणीला नाही.

मानेचे वरचे दोन मणके सरकले होते. ऑपरेशन करून डॉक्टरांनी ते तिच्याच बरगडीच्या तुकड्याने जोडले आणि डोक्याभोवती बारीक स्क्रूंनी कडं बसवलं. काका भेटायला आले. “अरे वा, राणीले मुकुट! आमाले तं टोपीबी नाही!” पोर हसली, पायाची बोटं हलली. काकांनी आधी बोटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

पुढे कधीही भेटले की विचारायचे, “पोरगी धावते?”

“धावते.”

“घरी सांगतलं?”

मी खाली बघायचो. ते म्हणायचे, “बरं. पुढच्या खेपेले विचारतो.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आता विचारणारं कोणी नाही, हेच सोसवेना. तेरवीहून थेट बहिणीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले.

“दादा, उशी मी ठेवली होती,” ती म्हणाली. “काका आले का मी दरवेळी विचारायची, माह्या उशीनं तं नाही ना झालं? ते म्हणत, नाही बाई.”

तिची समजूत घालायला माझं नाव पुरेसं होतं. त्यांनी ते कधी घेतलं नाही.

ओसरीवर भाची बाहुलीला उशी देऊन निजवत होती. बहिणीने सुपाखालचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. बाहुलीच्या खांद्याखाली द्यायला मी घडी घालेपर्यंत भाची ओरडलीच, “मामा, उशी काढा आधी!”