धुक्यावरून परतलेलं विमान

लखनऊच्या इंदिरा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते वैमानिक मूळचे नागपूरचे. जिन्यात भेटले की आधी थांबायचे, मग शांतपणे "हां, बोला" म्हणायचे. घाईत मी त्यांना कधी पाहिलंच नाही.

त्या दिवशी बँकेच्या कामासाठी मी त्यांच्याच छोट्या विमानाने नेपाळ सीमेलगतच्या तराईतल्या एका गावी निघालो होतो. तिथल्या विमानतळावर दाट धुकं होतं. अशा वेळी यंत्रं बघत ठरावीक उंचीपर्यंतच खाली यायचं आणि तिथून धावपट्टी दिसली नाही तर वर निघून जायचं, असा नियम आहे. आम्ही त्या पांढऱ्यात उतरत होतो आणि एकाएकी विमान गरजत वर उसळलं. आम्ही लखनऊला परतलो.

"थोड़ा और नीचे ले आते!" उतरताना एक प्रवासी त्यांच्यावर ओरडला.

"रनवे नहीं दिखा, भाईसाहब," ते म्हणाले.

मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "टॅक्सीने येता का? माझी आई त्याच गावी बहिणीकडे असते, तिथल्या दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी आशा सोडलीय."

मी विचारलं, "मग अजून एकदा प्रयत्न का नाही केलात?"

"आज मला नसलेली धावपट्टीही दिसली असती."

संध्याकाळी आम्ही पोचलो. दवाखान्याच्या दारात त्यांची बहीण रडत उभी होती.

"दुपारीच गेली रे दादा. सकाळी वर विमानाचा आवाज आला, तर म्हणाली, 'आला गं तो.'"

ते तिथेच पायरीवर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.