शेळीच्या जबड्याखालची सूज

लग्न होऊन वडूजजवळच्या सासरी आले, तेव्हा आईनं माझ्याबरोबर एक काळी शेळी धाडली होती. दुसरी लढाई चालू होती, नवरा पलटणीत. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. मामंजी आधीच कमी बोलायचे. माझ्याशी तर जे काय ते सासूबाईंमार्फत. शेळीचं त्यांना कौतुक नव्हतं. "म्हशीच्या घरात ही बें बें कशाला?" म्हणायचे.

पाऊस उघडला आणि शेळीनं पाला सोडला. तिला हगवण लागली, केस राठ झाले. एका सकाळी जबड्याखाली पाणी भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबताना दिसली. सासूबाई लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला कोरेगावला गेल्या होत्या. आता सांगायचं कुणाकडून? पदर ओढून घेत मीच म्हटलं, "मामंजी, शेळी उठंना झालीया." आणि रडूच फुटलं.

ते शेळीपाशी बसले. "रडू नगंस पोरी. जीव हाय अजून."

खांद्यावर घोंगडं टाकून त्यावर शेळी घेतली नि वडूजची वाट धरली. मी मागोमाग. वाटेत एकानं हसून विचारलं, "आवं, आज शेळीची वरात का?"

"सुनंच्या माहेरची हाय," मामंजी म्हणाले. "आजारी. चालवत न्हेऊ व्हय?"

गुरांच्या डॉक्टरांनी पापणी उलटून दाखवली. आत लाली कसली ती नव्हतीच. "पोटात जंत झालेत. तेच रक्त पितात," म्हणाले. मोरचुदाचं निळं पाणी मापून पाजलं आणि ओढ्याकाठच्या ओल्या गवतावर चारू नका, जंत तिथूनच पोटात जातात, असं बजावलं.

मग मामंजी रोज बाभळीच्या फांद्या आणून गोठ्याच्या खांबाला, मेढीला, उंच बांधायचे. शेळीनं तोंड लावलं की मला हाक: "ये, बघ, खाल्लं गं!" डॉक्टरांकडं आणखी एकदा नेलं. सूज ओसरली.

सासूबाई परतल्या तेव्हा आम्ही दोघं गोठ्यात बसून, लेंड्या घट्ट पडू लागल्या म्हणून खुशीत बोलत होतो. त्या दारातच थबकल्या. "आगं बया, मी लेकीकडं काय गेले, तुमास्नी वाचा फुटली!"

कार्तिकात शेळी गाभण राहिली आणि चैत्रात दोन करडं झाली. त्यातलं पांढऱ्या कानाचं मामंजी स्वतः कोरेगावला घेऊन गेले, नव्या नातवासाठी.