सव्वा मूठ गहू

ती घटना आजही आठवते, आणि तिच्याबरोबर हद्दीचे वादही. दोन ठाण्यांच्या मधोमध प्रेत सापडलं की आमच्या खात्यात दोन्ही ठाणेदार एकदम नम्र होतात, ‘आधी आपण’ म्हणतात. पण अख्खं जंगलच दोन देशांत पसरलेलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पिंपळनेरकडच्या एका खेड्यातली म्हातारी अक्का ठाण्यात आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थोरला मुलगा आफ्रिकेतल्या अभयारण्यात पर्यटकांच्या जीपा दुरुस्त करायला गेलेला. धाकट्याच्या मोबाइलवर झेब्रे, हत्ती, जिराफ नियमाने येत आणि गाव ते बघून खूश होई.

“फोटो येतस साहेब, आवाज येत नही,” ती म्हणाली. “मना पोऱ्या जित्ता शे का, तितलं सांगा.”

स्टेशन डायरीला नोंद घेऊन मी धाकट्याला बोलावलं. त्याचं उत्तर तयार होतं: जंगल अर्धं केनियात, अर्धं टांझानियात, मधे कुंपण नाही, जनावरं इकडून तिकडे जातात, भाऊ गाड्यांमागे जातो आणि तिथे रेंज नसते. वरिष्ठांमार्फत केनियात विचारणा केली. महिनोन्‌महिने गेले. उत्तर आलं, तो कॅम्प पलीकडच्या बाजूला आहे, तिकडे विचारा. आमचं खातं तिथेही आहे हे बघून मला भरून आलं.

श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी धाकटा गहू काढत होता. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. परगावी असेल त्याच्याही नावाने. मेलेल्याची मात्र घेत नाहीत.

अक्काने ओसरीवरून विचारलं, “थोरलानी मूठ लिधी का?”

“लिधी, माय.”

मी समोरच बसलो होतो. त्याने स्वतःची घेतली, मुलाची घेतली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

गहू दळायला गेले आणि मी त्याला चौकीत आणलं. दरडावावं लागलं नाही. चहा पुढे सरकवला आणि विचारलं, “थोरल्याची मूठ कुठे आहे?” तो टेबलावर डोकं ठेवून रडला. फोटो तोच इंटरनेटवरून उतरवत होता. गाडी अडकली म्हणून भाऊ खाली उतरला होता. हत्तीने त्याला तिथेच संपवलं. कागदपत्रं दोन देशांत अडकली आणि दफन तिकडेच झालं. आईला उद्या सांगू, उद्या सांगू, असं करता करता होळी गेली, अक्षय्यतृतीयेची आखाजी गेली. दुखवट्यापायी सण टाळावा तर आईला कारण सांगावं लागणार.

गुन्हा काहीच नव्हता. तो आईशी खोटं बोलला, गावाशी बोलला, माझ्याशी तर अगदी सफाईने बोलला. देवीपुढे मात्र त्याचा हात धजला नाही. तेव्हापासून मी माणसाच्या जबाबाआधी त्याचे हात बघू लागलो. पण खरं शोधून काढण्याची फुशारकी त्या संध्याकाळी संपली, कारण ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. दळण नुकतंच गिरणीतून आलं होतं. तिने चाचपडत डब्यात हात घातला.

“थोरलानी मूठ पडनी नही, माले आवाजवर समजनं,” ती म्हणाली. “हाऊ धाकला उठना, तवय थोरलानी मूठ मीच मांगून टाकी दिधी. आते दळाई गयं बठ्ठं. कशी काढू, साहेब?”

ती बोटांनी पीठ चाळत राहिली. मी तिचे हात बघत उभा होतो.