घुमटातली मडकी

पडदा वर जातो आणि समोर उभी राहते शेकडो वर्षांची भलीमोठी मशीद. खांबांच्या रांगांमागे रांगा, कमानीच्या खांद्याला खांदा लावून कमान, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच अवाढव्य घुमट. वरच्या जाळीतून तिरपा उजेड उतरतो तो नेमका परांचीवरच्या गवंड्यावर. हातात थापी, भुवयांवर चुना. आपला नायक हाच.

खाली उभा आहे त्याचा थोरला भाऊ, इथला इमाम. तेव्हा मशिदीत कर्णा नव्हता आणि भाईला त्याची गरजही नव्हती. तो घरात बोलावं तसा बोले, पण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही वाटे, हा आपल्या कानाशीच बोलतोय. नाटकवाल्यांनी हेवा करावा असा आवाज!

"भाई, घुमटाच्या कडेनं भोकं आहेत," गवंडी वरून ओरडला. "कबुतरांनी संसार थाटलेत. बुजवू?"

"बुजव बाबा. परवाच एकानं माझ्या पगडीवर शेरा मारला."

गवंड्यानं जीव ओतून काम केलं. बोट फिरवलं तरी सांधा लागू नये, असं एकेक भोक लिंपलं.

पुढच्या शुक्रवारी मागच्या रांगांतले लोक माना पुढे काढू लागले. भाईनं जोर लावला, घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. "वय झालं," लोक म्हणाले, आणि भाईनंही तेच खरं मानलं. आधी कर्णा आला, मागोमाग तरुण इमाम आला. भाई घरी बसला, तो असा गप्प की गवंड्याची बायको म्हणे, "तुमच्या भावाला बोलायला पैसे पडतात का हो?"

बऱ्याच वर्षांनी घुमटाला तडा गेला. गवंडी पुन्हा परांचीवर चढला. गिलावा फोडताना थापी पोकळ वाजली आणि आतून मडकं दिसलं. भिंतीत आडवं चिणलेलं, तोंड मशिदीकडे. पलीकडे दुसरं. त्याच्या पलीकडे तिसरं. जुन्या कारागिरांनी आवाज घुमून दूरवर जावा म्हणून बसवलेली! त्यानं मडक्याशी तोंड नेऊन हळूच "भाई" म्हटलं. मडक्यानं तो शब्द भरदार करून परत दिला. कबुतरांची म्हणून त्यानं लिंपली होती ती याच मडक्यांची तोंडं. भाईचा घसा बिघडलाच नव्हता.

त्यानं सगळी तोंडं मोकळी केली आणि भावाच्या पायाशी बसून सारं सांगितलं. भाई त्याच्या चुन्यानं फाटलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"म्हणजे मी उगाचच गप्प बसलो?"

दुपारी मशीद रिकामी होती. कर्णा बंद करून गवंड्यानं भाईला मेहराबीपाशी, इमामाच्या जुन्या जागी उभं केलं आणि स्वतः पार मागच्या खांबाशी गेला. भाईचे ओठ हलले. गवंड्यानं कानात प्राण आणले. काहीच नाही. पुन्हा हलले. पुन्हा काही नाही. मडकी मोकळी झाली होती, पण एवढ्या वर्षांत आवाज खरोखरच म्हातारा झाला होता.

भाई मान उंचावून वाट बघत होता.

गवंड्यानं बाहीनं डोळे पुसले आणि हाक दिली. ती हाक साऱ्या घुमटानं उचलून भावापाशी नेली, "पोचला, भाई! अगदी शेवटच्या खांबापर्यंत पोचला!"