लेकराचं पाणी

नागपुरात मे महिन्यातल्या भर दुपारी स्वतःच्या मर्जीनं घराबाहेर पडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि ते माझे साडभाऊ, म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान. त्या वेळी आमच्या रामदासपेठेत कुत्री गाड्यांखाली निजलेली असतात, माणसं कूलरसमोर आडवी झालेली असतात, आणि दारावरची घंटा आपल्याला ऐकूच आली नाही असं घरातला प्रत्येक जण मनाशी ठरवून टाकतो. पण घंटा वाजतच राहायची. शेवटी उठून दार उघडावं तर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवलेले, आणि शिलाई मशीनच्या पेटीएवढं एक धूड हातात घेतलेले साडभाऊ उभे. पाणी मागायचे नाहीत, बसायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "टाकी तापली काय जी?"

टाकी म्हणजे आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी नळाखाली हात धुवायची सोय राहत नाही, इतकं पाणी तापतं. सगळं शहर त्या पाण्याला शिव्या देतं. साडभाऊ मात्र नळ सोडून वाफेकडे असे बघत उभे राहायचे, की देवळातही मी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. "गॅस नाही, गिझर नाही, फुकटात देव पाणी तापवून देऊन राहिला," ते म्हणत, "अन् तुम्ही लोकं झोपून राहिले."

त्यांच्या हातातलं ते धूड म्हणजे कार्पेट आणि सोफे जागच्या जागी धुवायचं मशीन. त्याला दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक मळक्या पाण्याची. एक लांब नळी, आणि नळीला चपटं तोंड. खटका दाबला की ते तोंड कापडावर फवारा मारतं आणि लगेच तेच पाणी मळासकट ओढून घेतं. पाणी तापवायची सोय त्यात नाही, ते आपणच गरम करून ओतायचं. इतवारीत साडभाऊंचं सोफ्याच्या आणि पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. मुलगा गल्ल्यावर बसायला लागला आणि यांच्याकडे वेळच वेळ उरला. तेवढ्यात मुलीनं वाढदिवसाला हे मशीन दिलं. मग जन्मभर जे कापड मीटरनं विकलं, त्याचं पुढं काय झालं ते बघायला हे घरोघर जाऊ लागले. सासरी दिलेल्या मुलीची खुशाली विचारायला बाप जातो, अगदी तसे. एखाद्याच्या सोफ्यावरून हात फिरवून, "हा आपल्याच दुकानातला," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. आणि त्यावर तेलाचा डाग दिसला, तर त्या घरात ते चहा घेत नसत.

डागांच्या बाबतीत त्यांचं ज्ञान अफाट होतं आणि त्यातलं निम्मं त्यांनी स्वतः रचलेलं होतं. आमच्या दिवाणखान्यातल्या एका डागापाशी ते बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "हा चहा नाही जी, कॉफी आहे. अन् पाहुणा डावखुरा होता." आमच्याकडे डावखुरा पाहुणा कधी आला होता हे आठवण्यात माझी बायको दोन दिवस गुंतली होती. धुणं झालं की मळक्या पाण्याची टाकी घेऊन ते घरभर फिरत आणि प्रत्येकाच्या नाकाखाली धरत. आमच्या व्याह्यांकडे त्यांनी ती टाकी थेट विहीणबाईंसमोर नेली. "पाहा, तुम्ही लोकं यावर बसून राहिले होते," असं अत्यंत प्रेमानं सांगितलं. विहीणबाईंनी पुढं कितीतरी दिवस आमच्या घरी फोन केला नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो गरम पाण्यात. मशीनसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, कोमट पाणी वापरावं, उकळतं वापरू नये. कोमट म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. ती उणीव साडभाऊंनी भरून काढली. त्यांनी पाण्याच्या तीन जाती ठरवल्या. लोकरीला लेकराचं पाणी, म्हणजे तान्ह्या बाळाला घालतात तसं. साध्या कार्पेटला जावयाचं पाणी, थोडं चढं. आणि जाड सुती सतरंजीला बाळंतिणीचं पाणी, हात लावला की चटकन मागे घ्यावा असं. "त्याच्यावर गेलं की ते कोंबडी सोलायचं पाणी," ते सांगत. "ते मशीनमधी नाही." पाण्याची जात ओळखायची ती कोपरानं. बाही वर करून ते पातेल्यात कोपर बुडवत, डोळे मिटत, आणि तेवढा वेळ घरातल्या कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

नातेवाइकांना हे सगळं ठाऊक आहे, कारण त्यांना ते मीच वर्षानुवर्षं सांगत आलो. लग्नात, बारशाला, पंगतीनंतर पानं लावताना कोणीतरी म्हणायचं, "भाऊ, ते काटोलच्या गालिच्याचं सांगा ना," आणि मी सुरू व्हायचो. ती गोष्ट मी खोटी सांगत होतो. खरी काय ते आता लिहितो.

काटोल आमची सासुरवाडी. मेहुण्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. बैठकीत सासऱ्यांनी काश्मीरहून आणलेला लाल लोकरीचा गालिचा असे. सासरे गेल्यावर सासूबाई त्याच्यावर कोणाला चपला घालून चालू देत नसत. त्याच्यावर आदल्या दिवशी रस्सा सांडला होता, म्हणून साडभाऊंना मशीन घेऊन बोलावलं. दिवस थंडीचे, गच्चीवरची टाकी बर्फासारखी. त्यांनी मागच्या अंगणात पातेल्यात मशीनच्या टाकीपुरतं पाणी जमवलं. बंबातलं उकळतं थोडं, आडातलं गार थोडं, असं करत करत, मधूनमधून कोपर बुडवत. मी मोठा जावई. पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेला होता आणि माझा जीव वरखाली होत होता.

"झालं का साडभाऊ?" मी विचारलं.

"झालं. लेकराचं आहे. मी तार घेऊन येतो, इथून मशीनची तार पुरत नाही," असं म्हणून ते आत गेले.

मी पाण्यात बोट घातलं. मला ते जवळजवळ गारच वाटलं. असल्या पाण्यानं रश्श्याचा डाग जाणार कसा, असं मनात आलं. मी बंबाची तोटी सोडली, तांब्या काठोकाठ भरला आणि पातेल्यात रिकामा केला. मग आणखी एक. वाफ आली. मी तांब्या पालथा घालून ठेवला आणि हात पुसले. साडभाऊ आले, त्यांनी घाईत फडक्यानं पातेलं धरून मशीनची टाकी भरली. एकदा पाहिलेलं पाणी ते परत पाहत नसत.

फवारा पडताच गालिच्यातून वाफ उठली. लाल रंग पांढऱ्या वेलबुट्टीत उतरला, लोकर आकसली, आणि मधोमध ताटाएवढा भाग भाजलेल्या पापडासारखा वर आला. मशीनच्या टाकीचा तळही मऊ होऊन खाली लोंबला. साडभाऊंनी खटका बंद केला. "मी पाहिलं होतं जी," ते म्हणाले. "लेकराचंच होतं." आणि ते स्वतःच्या कोपराकडे बघू लागले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, साडभाऊंचं कोपर म्हातारं झालं."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. साडभाऊ थोडे उशिरा हसले. पाहुण्यांना गालिच्याशी काही घेणं नव्हतं, डागावर टीपॉय ठेवला आणि मुलगी पसंत पडली. मला वाटलं, गोष्ट मिटली. पण लोक हसले होते, ते मला आवडलं होतं. पुढच्या लग्नात मी ती गोष्ट परत सांगितली, त्याच्या पुढच्या लग्नात वाढवून सांगितली. वाढता वाढता माझ्या गोष्टीतला गालिचा आकसून रुमालाएवढा झाला, आणि सासूबाई तो पूजेला बसायला आसन म्हणून घेऊ लागल्या. साडभाऊ माझ्या शेजारीच बसलेले असत. मी काही विसरलो तर तेच आठवण करून देत. "अन् ते टाकी लोंबली ते सांगा ना, भाऊ."

मशीनला दुसरी टाकी आली. मे महिन्यात ते परत आमच्या दारात उभे राहिले. दुपट्टा, कांदा, सगळं होतं. पण त्यांनी टाकी तापली का असं विचारलं नाही. नळाचं ते कढत पाणी घेतलं, आमच्या माठात ओतलं, आणि ते गार व्हायची वाट पाहत बसले.

"काहून हो?" माझ्या बायकोनं विचारलं.

"कोपरावर भरवसा नाही राहिला ताई," ते म्हणाले. "थंडं बरं. थंड्यानं काही बिघडत नाही."

बिघडत नसे, पण काही निघतही नसे. मळक्या पाण्याच्या टाकीत जेमतेम ढवळसर पाणी जमायचं. ती टाकी त्यांनी कोणाच्या नाकाखाली नेली नाही, मुकाट्यानं मोरीत ओतली. पुढच्या वर्षी ते फक्त आमच्याकडे आले. त्याच्या पुढच्या वर्षी कोणाकडेच नाही. बायको म्हणाली, वय झालं असेल. मी हो म्हटलं. अजून गोष्ट सांगतच होतो.

मागच्या हिवाळ्यात काटोलला बारसं होतं. त्या दिवशी मला आग्रह झाला आणि मी म्हटलं, आज खरं सांगतो. बंबातलं पाणी मी ओतलं होतं, साडभाऊंचं कोपर बरोबर होतं. इतका हशा माझ्या कुठल्याच गोष्टीला पडला नव्हता. मेहुण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "हे नवीन काढलं भाऊजींनी," तो म्हणाला. साडभाऊ डोळे पुसत म्हणाले, "बुढापा आला की माणूस मोठं मन करते. भाऊ आता माह्यासाठी खोटं बोलून राहिले." जन्मभर रंगवून सांगितलं त्याचा हा परिणाम होता. खरं सांगायला माझ्याकडे वेगळा आवाज उरलेला नव्हता.

म्हणून पंधरवड्यानं मी एकटाच इतवारीत गेलो. खाली दुकान, वर घर. सकाळची वेळ होती, साडभाऊ संत्रं सोलत बसले होते. मी न हसता, काही न वाढवता सांगितलं. ते तार आणायला गेले तेव्हा मी कुठं उभा होतो ते सांगितलं. ते सोलता सोलता थांबले.

"किती ओतलं?"

"दोन तांबे. काठोकाठ."

"बंबातलं?"

"हो."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. पातेलं केवढं, तांब्या केवढा, असा असावा. मग मान हलवली. "मंग बरोबर आहे. तेवढ्यानं तसंच होते."

खाली हातगाडीवाल्यांचं भांडण चाललं होतं, ते ऐकू येत होतं. मग साडभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन वर्षं थंड्या पाण्यानं धुतलं, भाऊ. मंग धुणंच सोडलं."

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुमाले हसू येत होतं ना जिजाजी तवा," ती म्हणाली, "अन् इथं हे घरी येऊन आंघोळीचं पाणी मले पाहायले लावत होते." तिनं चहा आणला तो एकच कप, आणि तो साडभाऊंसमोर ठेवला. साडभाऊंनी त्यातला अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. "पिऊन घ्या जी," ते म्हणाले. "तिचा राग आहे, चहाचा नाही."

चहा झाल्यावर ते उठले आणि त्यांनी दिवाणाखालून मशीन ओढून काढलं. त्यावरची धूळ दुपट्ट्यानं पुसली. मेहुणीला म्हणाले, "एक पातेलं पाणी ठेव वं." खोलीत एक जुनं लोकरी आसन होतं, ते पसरलं. पाणी आलं. त्यांनी बाही वर केली, कोपर बुडवलं, डोळे मिटले. खूप वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, हात बाहेर काढला, पुसला आणि दुसरा हात बुडवला.

"समजत नाही जी," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "शुगर आहे ना, हात सुन्न राहतात. डॉक्टरनं सांगितलंच होतं. आता खरंच समजत नाही." त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं. "तुमी पाहा."

मी बाही वर केली. आमच्या घरी लेकरांना न्हाऊ घालायचं काम कधी माझ्याकडे आलं नव्हतं, त्यामुळे ते पाणी कसं असतं हे मला कधी कळलेलंच नव्हतं. कोपर पाण्यात गेलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मी ओता म्हटलं असतं तर त्यांनी त्या क्षणी ओतलं असतं.

"गरम आहे अजून," मी म्हटलं. "थांबू थोडं."

"थांबू ना," साडभाऊ म्हणाले.

मग मेहुणी आत गेली, आणि पातेल्याच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही पाणी निवायची वाट बघत बसलो.