दात बघून सांगितलेलं वय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि भावाला तर नाहीच नाही. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत शेकोटीला बसलं की माणूस काय काय बोलून जातो, पोटातलं सगळं बाहेर पडतं, पण तिथेही हे माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. तुम्ही म्हणाल, मग आत्ताच का सांगतोय हा? काहीतरी डाव असणार याचा. घ्या, खुशाल घ्या संशय. तुमच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. माझा धंदाच संशयाचा.

मी हेडी. बैलांच्या सौद्यात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे जो उभा असतो, तो. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत मला लोक ओळखतात, म्हणजे ओळखायचे. बैल विकणारा कधी बैलाचं खरं वय सांगत नाही. शिंगं तासून, तेल चोपडून, झूल घालून आणतो आणि म्हणतो, आत्ताच चारदाती झालाय बघा. मग घेणारा माझ्याकडे बघतो. मी पुढे होतो, बैलाचा जबडा धरतो, खालचा ओठ दाबतो. बैलाला पुढचे दात खालीच असतात. दोन आले की दोनदाती, मग चार, मग सहा, आणि आठही आले की दात पुरे झाले. त्यानंतर झीज बघायची. काशिनाथ हेडी चुकत नाही, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि एकदा ही सवय लागली की ती काही बैलांपुरती राहत नाही. समोरचा माणूस वय सांगतो, आपण त्याच्या हाताच्या शिरा बघतो. बाई हसते, आपण तिचे दात बघतो. माणसंही चोरतात वय. कोणी दोन वर्षं, कोणी दहा. आता परवाचीच गोष्ट — म्हणजे दोन हजार आठ-नऊची, पण मला परवाचीच वाटते. मुरबाडच्या एसटीत कंडक्टरनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि अर्धं तिकीट फाडलं. म्हाताऱ्यांचं. ओळखपत्र मागितलं नाही, वय विचारलं नाही. मी तेव्हा साठीचाही नव्हतो. मनात आलं, हा मुद्दाम करतोय का? मागच्या सीटवरच्या पोरांनी शिकवलंय का याला? वळून बघितलं तर पोरं आपापल्या गप्पांत. अर्धं तिकीट खिशात टाकलं आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. घरी आल्यावर बायकोला विचारलं, मी म्हातारा दिसतो काय गो? ती म्हणाली, मग काय नवरदेव दिसता?

पण मी भलतीकडे चाललो. हे असं होतं माझं — या गोष्टीच्या जवळ आलो की पाय दुसऱ्या वाटेला वळतात.

नव्वदनंतरची गोष्ट. मी चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. आमचा बाप लवकर गेला, त्यामुळे धाकट्या भावाचं, जनार्दनचं, सगळं मीच बघितलेलं. तो वाशिंदच्या एका कारखान्यात लागला आणि आम्ही मुली बघायला लागलो. धसईच्या अलीकडच्या एका गावातून सांगून आलं. भातशेती, दोन बैल, एकुलती एक पोर, सुगंधा नाव. मी, जनार्दन, आमचा चुलता आणि स्थळ आणणारा मधला माणूस, असे चौघं जीप करून गेलो.

घर साधंच, कौलारू. मागच्या अंगणात आंब्याचं एक जळकं खोड. मी गेल्या गेल्या विचारलं, पोरीचं वय काय? मुलीचा बाप बायकोकडे बघायला लागला. मला तेवढं पुरे असतं. ज्याला उत्तर द्यायला दुसऱ्याकडे बघावं लागतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आई म्हणाली, त्या आंब्यावर वीज पडली ना, त्याच पावसात झाली माझी सुगंधा. विसावं सरलं, एकविसावं चालू हाय. पोर शाळेत गेलेली नव्हती, शेळ्या राखायची, त्यामुळे दाखला-बिखला काही नाही. एक आंबा, एक वीज आणि आईची आठवण, एवढाच पुरावा. तुम्ही ठेवला असतात विश्वास?

मग सुगंधा आली. हातात पाण्याचा तांब्या, खाली मान. बायकांनी आत तिला सांगितलं असणार, पहिलं सासऱ्याच्या पाया पड. आमचा बाप जाऊन किती वर्षं झाली, हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. ती सरळ माझ्याकडे आली. चुलता शेजारीच बसला होता, सत्तरीचा म्हातारा — त्याला सोडून माझ्याकडे. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, पाणी घ्या बाबा.

मधला माणूस ओरडला, अगो, सासरा नाय तो, थोरला दीर तुझा!

झालं. सगळी ओटी हसली. चुलता तर खोकला लागेपर्यंत हसला. जनार्दन हसला. आणि सुगंधा — तिनं पदर तोंडाशी नेला, पण नेण्याआधी तिलाही हसू फुटलं. मोकळं, खदखदून. त्यात वाईट काही नव्हतं. चूक झाली म्हणून हसतात तसं हसली ती बिचारी.

तेव्हा मी तिचे दात बघितले. स्पष्ट बघितले. पांढरे, भरलेले, कडा अजून तशाच, कुठे झीज नाही. तिची आई खरं बोलत होती, हे मला त्या क्षणी कळलं. आता तरी ऐकलंत ना? मला कळलं होतं.

मीही हसलो. पोहे खाल्ले. पण आत काहीतरी पेटलं होतं. बाबा! मला? दाढीची खुंटं पांढरी झालेली, तंबाखूनं दात काळे, उन्हात फिरून कातडं रापलेलं, हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी स्वतःला अजून जनार्दनच्याच वयाचा धरून चाललो होतो. कोणी मुद्दाम तर शिकवलं नसेल तिला? माझी टिंगल करायला? वीस वर्षांच्या पोरीला चाळिशीचा माणूस म्हातारा दिसतो, यात शिकवायचं काय असतं? पण तेव्हा नाही सुचलं ते.

परत येताना जीपमध्ये जनार्दन खुशीत होता. चुलता म्हणाला, काय काशिनाथ, कशी वाटली? आणि मी म्हणालो, पोर बरी हाय, पण वय चोरलंय. तिशी उलटलेली हाय. दात पुरे झालेत तिचे.

चुलता हसला, मधला माणूस हसला. जनार्दनचं तोंड उतरलं. त्यानं एकदाच विचारलं, दादा, नक्की? मी म्हणालो, आजपर्यंत चुकलोय कधी?

नकार कळवला. तेवढ्यावर थांबलं असतं तर — नाही, तरीही वाईटच होतं. पण थांबलं नाहीच. 'दात पुरे झालेत' हे मधल्या माणसानं बाजारात सांगितलं. बैलाची भाषा बाईला लावली की लोकांना गंमत वाटते. त्या पोरीला बघायला आणखी लोक गेले, पण जाण्याआधी विचारपूस होतेच. आणि विचारपूस केली की कोणीतरी म्हणायचंच, काशिनाथ हेड्यानं बघितलीय ती, तिशीची हाय. जत्रेत एकानं तर मलाच येऊन विचारलं, खरं काय? मी मान हलवली. कशी हलवली, ते आता आठवत नाही म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवू नका. मी हो म्हणूनच हलवली.

त्या नकारानंतरच्या आठवड्यात मी न्हाव्याकडे जाऊन मिशी काळी करून घेतली. उन्हात बैल बघताना घाम आला आणि रंग ओठावर उतरला. बाजारभर हसू झालं. बायको म्हणाली, आता कोणाला दाखवायाची हाय ही मिशी? तिला काय सांगणार? जनार्दनचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. त्या मुलीचं वय मी विचारलंसुद्धा नाही.

आणि एक गंमत सांगतो — गंमत कसली, पण सांगतो. चार-पाच वर्षं गेली, तसा मीच माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला लागलो. आई खोटं बोलली नसेल कशावरून? विजेचं काय, कुठल्याही आंब्यावर पडते. असा मी बैलांच्या मागे चालता चालता मनाशी बोलायचो. माझं खोटं मी जपून ठेवलं आणि संशय घेत राहिलो त्या बाईवर, जिनं पोर जन्माला घातली होती.

दहा-बारा वर्षांनी धसईकडे एक बैल बघायला गेलो. घेणारा सोबत होता, पलीकडच्या गावचा पाटील. मोठं गिऱ्हाईक. त्याच्या कोणा ओळखीच्यानं घर सांगितलं होतं. चालत चालत आलो आणि घरामागचं जळकं खोड दिसलं, तेव्हा घर ओळखलं. पण मागे कसं फिरायचं? पाटलाला काय सांगायचं?

बाप वारला होता. ओटीवर आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती, पार वाकलेली. बैल घेऊन सुगंधा आली. कपाळावर टिकली, पण गळ्यात मंगळसूत्र नाही, हात कामानं राठ झालेले. लग्न झालेलं नाही, हे बघताक्षणी कळलं. आणि तिच्याकडे बघताना मला दुसरंही कळलं — मी जे वय तिच्या माथी मारलं होतं, त्या वयाला ती आता पोचली होती. आणि काय सांगू तुम्हाला, ती मला पोर वाटली. माझ्या लेकीसारखी पोर. तिशीची बाई म्हणजे काय म्हातारी असते? ती तेव्हा खरोखर तिशीची असती, तरी काय बिघडणार होतं?

तिनं मला ओळखलं. मी बैलाचा ओठ दाबला, झीज बघितली आणि जे होतं ते सांगितलं — म्हातारा हाय, दहा पावसाळे झालेत. ती म्हणाली, बरोबर. आमच्याच गोठ्यातला हाय, मला ठाऊक हाय.

मग बैलाचा कासरा हातात तसाच धरून तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"बैलाचं बरोबर सांगता तुमी. मंग माझंबी एकदा सांगा. आई म्हणते, तवा मी विसाची होती. लोक म्हणतात, काशिनाथ हेडी चुकत नाय. इतकी वर्षं मला कळत नाय, खरं कोणाचं धरू. तुमी तर दात बघितलेत. सांगा."

तिच्या आईवरच तिला संशय आला होता. माझ्यामुळे. बाकी काही मागत नव्हती ती माझ्याकडे. नवरा नाही, गेलेली वर्षं नाही. आईवर विश्वास ठेवू का, एवढंच विचारत होती.

एक वाक्य बोलायचं होतं. आई खरं बोलली, मी खोटं बोललो. बस. बाजूला पाटील उभा होता, कान देऊन. हेडी एकदा खोटा ठरला की संपला, त्याच्या हाती कोणी बैल देत नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं, तेवढं सांगतोय. डोक्यात माझं नाव होतं.

मी म्हणालो, "मी चुकत नाय."

सुगंधानं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आईकडे वळली. म्हातारीचे हात शेंगांत थांबले होते. मला वाटलं, आता ती मला शिव्या घालणार. घालाव्यात, असंही वाटलं. आंबा दाखवेल, वीज सांगेल, देवाची शपथ घेईल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला म्हणाली, "असंल बाय त्यांचंच बरोबर. मला आता आठवत नाय." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

तिला आठवत होतं. आठवत नाही असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मी ओळखतो, आयुष्यभर तेच केलंय. लेकीच्या मनातलं भांडण मिटावं म्हणून तिनं आपलं खरं टाकून दिलं. आणि मी पाटलाला म्हणालो, चला, दुसरा बैल बघू.

पाणीसुद्धा न पिता निघालो. आणलं होतं सुगंधानं. उंबऱ्यावर तांब्या ठेवून, पाणी घ्या बाबा, म्हणाली होती, अगदी तसंच, पहिल्यासारखं.

म्हातारी पुढच्या पावसाळ्यात गेली, असं बाजारात कळलं. मी त्या गावाला परत गेलो नाही.

आम्ही बघायला गेलो त्या दिवशी सुगंधा विसाची होती. तिची आई खरं बोलत होती.