इंद्रायणीबाईंच्या फोनचा विटाळ

एखाद्याचं नाव खराब करायला किती वेळ लागतो? इंद्रायणीबाईंच्या बाबतीत सकाळचा चहा यायच्या आत काम उरकलं होतं.

बाई सोलापुरात सिद्रामप्पांच्या चादरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नक्षी काढत होत्या. आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून, आणि गेली चौदा वर्षं कॉम्प्युटरवर. मोर म्हणा, कमळ म्हणा, बाई ते चौकोनांत बसवून द्यायच्या. नक्षी पेनड्राइव्हवर घ्यायची, पेनड्राइव्ह मागाला लावायचा, की चादर विणायला सुरुवात. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, सवड मिळाली नाही. ते बरंचसं खरं होतं.

गेल्या वर्षी कुणीतरी रस्ता खणला आणि कारखान्याची इंटरनेटची तार तुटली. खणणारे निघून गेले, तार तशीच राहिली. तेव्हापासून ऑफिसचे दोन्ही कॉम्प्युटर बाईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालायला लागले. आलेल्या पाहुण्याला सिद्रामप्पा सांगायचे, आमचा कारखाना बाईंच्या पर्समधून चालतो. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते सढळ हाताने करायचे.

बाईंची चूक एकच, की त्यांना स्वतःची फजिती सांगायची खोड होती. मार्चमध्ये बार्शीच्या मावसभावाच्या नावाने त्यांच्या फोनवर लग्नपत्रिका आली. बाईंनी त्यावर बोट लावलं. पत्रिका काही उघडली नाही, पण तासाभरात तीच पत्रिका बाईंच्या नावाने दोनशे जणांना गेली. लग्न कुणाचंच नव्हतं, तो व्हायरस होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पंचाक्षरीने फोन साफ करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी ऑफिसात सगळा किस्सा हसतहसत सांगितला. सगळे हसले. लक्षात मात्र सगळ्यांनी नीट ठेवला.

पुढच्याच आठवड्यात सुट्टीनंतर बाईंनी कॉम्प्युटर लावला तर एकही नक्षी उघडेना. फाइलींची नावं ओळखू येईनात, आणि पडद्यावर कुणा अनोळख्याची इंग्रजीत धमकी, पैसे भरा तर फाइली परत. जादा प्रती ठेवलेली डिस्क त्याच कॉम्प्युटरला जोडलेली होती, तीही गेली. मालकांचा मुलगा नंदीश आला. त्याने पडद्याकडे बघितलं, मग टेबलावर चार्जिंगला लावलेल्या बाईंच्या फोनकडे.

"तुमच्या फोनातनंच आलंय हे, बाई. पत्रिका आलती की तुमाला."

झालं. दुपारपर्यंत फोन विटाळला. ऑफिसातली चंद्रव्वा इतके महिने त्याच फोनच्या नेटवर नातवाचे व्हिडिओ बघायची. तिने तो पदरात धरून उचलला आणि खिडकीत ठेवून आली. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर वॉचमन भिमाकडे एक स्टीलचा डबा आला. बाईंनी आत शिरताना फोन त्यात ठेवायचा, भिमाने झाकण लावायचं. बाकी सगळ्यांचे फोन खिशात. विटाळ पाळणं आता सुटलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो डबा बघायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी पंचाक्षरी आला आणि दोन तास कॉम्प्युटरपुढे बसला. मग मालकांच्या केबिनमध्ये, नंदीश आणि बाई समोर असताना, त्याने सरळ सांगितलं. एकाच नेटवर असलेल्या कॉम्प्युटरला फोनमधून त्रास होऊच शकत नाही असं नाही, पण नुसता हॉटस्पॉट घेतला म्हणून तो होत नाही. पत्रिकेतला व्हायरस फोनापुरता होता, कॉम्प्युटरवर तो चालतच नाही. हा आला पेनड्राइव्हमधून, आणि तोही सुट्टीच्या दुपारी. तेव्हा बाईंचा फोन बाईंच्या घरी होता.

सिद्रामप्पा मुलाकडे वळून कानडीत बोलायला लागले. नंदीशनेही कानडीतच कबूल केलं. एका बड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेल्या नक्षी त्याने दोस्ताच्या कारखान्यात नेऊन दिल्या होत्या, आणि परत येऊन तोच पेनड्राइव्ह इथे लावला होता. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. हे गिऱ्हाइकाला कळलं तर ते पुन्हा दारात उभं राहणार नव्हतं.

बाईंना कानडी येत होतं. सिद्रामप्पांच्या बायकोनेच त्यांना ते शिकवलं होतं आणि सिद्रामप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी आवाज खाली केला नाही. बाईंना सगळ्यात जास्त तेच लागलं.

मग सिद्रामप्पा मराठीत म्हणाले, "गिऱ्हाइकाला फोनाचं सांगून बसलोय, बाई. आता बदलता येत न्हाय."

बाईंकडे एकच गोष्ट होती. कॉम्प्युटर आल्यावरही त्या प्रत्येक नक्षी आधी कागदावर रंगवायच्या, आणि ते सगळे कागद घरी ट्रंकेत होते.

"मी सगळ्या नक्षी परत उभ्या करते, मालक," त्या म्हणाल्या. "फक्त कारखान्यातल्या सगळ्यांसमोर एकदा सांगा, की हे माझ्या फोनमुळे झालं नाही."

"काम तर होऊ द्या. सांगतो की."

बाई चार महिने चौकोन मोजत बसल्या. तीनशे अकरा नक्षी. चष्म्याचा नंबर वाढला, मान धरली. त्या भोळ्या होत्या असं मला म्हणवत नाही. सिद्रामप्पांचा शब्द सव्वीस वर्षांत कधी खाली पडला नव्हता. तो पाळताना त्यांचं कधी काही जात नव्हतं, एवढंच बाईंच्या ध्यानात आलं नाही.

शेवटची नक्षी झाली त्या दुपारी माग थांबवून सगळ्यांना बोलावलं. पंचाक्षरीही होता. बाई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. सिद्रामप्पांनी त्यांच्या हातात नारळ दिला, खांद्यावर त्यांच्याच कमळाच्या नक्षीची चादर घातली, आणि सगळ्यांकडे वळले.

"चूक माणसाकडनंच होती. बाईंनी ती कष्टानं भरून काढली. आमी त्यांना माफ केलंय."

टाळ्या पडल्या. चंद्रव्वाने डोळे पुसले. टाळ्या थांबता थांबता सिद्रामप्पांनी हेही सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून बाईंना आराम, आणि कागदाची ट्रंक आता कारखान्यातच राहील. पंचाक्षरी जमिनीकडे बघत टाळ्या वाजवत होता. बाई नारळ धरून उभ्या होत्या.

इतके दिवस ऑफिसचं नेट नंदीशच्या फोनवर चालायचं, आणि नेमका आज त्याचा डेटा संपला होता. तो फाटकावर गेला, डब्यातून बाईंचा फोन काढला आणि शर्टाला पुसत घेऊन आला.

"बाई, जरा हॉटस्पॉट लावा की. गिऱ्हाइकाला नक्षी पाठवायच्या हायत."

बाईंनी फोन घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझ्या फोनचा रोग लागेल की, नंदीश."

सिद्रामप्पा पोट धरून हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळा कारखाना हसला. बाईंनी मनात काही ठेवलं नाही म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

हसणं संपेपर्यंत बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घसरलेली चादर सावरली आणि हॉटस्पॉट लावला. नंदीशला पासवर्ड अजून पाठ होता.